फितीखालून

“पाणी कुठून शिरंल? आधी ते बोला.” कुठलाही नकाशा उघडला की आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर बाही वर सरकवत हेच विचारायचे. कॅन्टीनचा पत्रा गळायला लागला तेव्हा चहावाल्यालाही त्यांनी तेच विचारलं होतं.

विद्यापीठाने अभ्यासक्रम नवा केला. उपग्रहाच्या चित्रांवरून किनारपट्टीचे नकाशे करायचे. समुद्र चढला तर कुठली वस्ती आधी हलवायची, ते संगणकावर काढायचं. आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकला. बीड जिल्ह्यात प्यायला टँकर लागतो, आणि हे समुद्र शिकवणार! मीही चिडवलं, “सर, समुद्र पाहिलाय का कधी?”

“न्हाई. तुमी इतिहास शिकिवता, निजाम बघितलाय का?”

विद्यापीठाचे उंबरठे झिजवून त्यांनी संगणक आणवले. स्वतः तासिका तत्त्वावर. पुढच्या सत्रात बोलावतील याचा भरवसा नाही. पण त्यांची घाई वेगळीच होती. वर्गातली निम्मी मुलं दिवाळी झाली की आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार. “किनाऱ्याचे नकाशे करायला माणसं लागतेत,” ते म्हणायचे. “हे काम हातात बसलं तर कोयता सुटंल पोरांचा.”

संगणक आले आणि खोलीला कुलूप लागलं. का, तर उद्घाटन संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या हस्ते व्हायचं होतं. दारावर लाल फीत ताणली. साहेबांची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. फितीवर धूळ बसली तरी कुणाला त्याचं काही वाटेना. सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

दिवाळी जवळ आली तशी गावोगावी तोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांची ये-जा सुरू झाली. सरांनी शिपायाकडून किल्ली घेतली. फितीला हात लावला नाही. “फीत साहेबांची, मशीन पोरांची. वाका!” अख्खा वर्ग फितीखालून वाकून आत गेला, आणि मग रोजच जात राहिला.

मी एकदा डोकावलो. शिरूरकडची एक मुलगी खाडीकाठच्या गावावर निळा रंग भरत होती. सरांनी विचारलं, “पाणी कुठून शिरंल?”

“समोरून न्हाई सर. मागच्या ओढ्यातून.”

सर टाळी वाजवून हसले. वर्गही हसला.

कुणीतरी चुगली केलीच. “साहेबांच्या आधी तुमीच उद्घाटन केलं?” प्राचार्य कडाडले.

“फीत तशीच हाय की सर.”

पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं. मी भांडायला गेलो, तर प्राचार्य म्हणाले, “तुमचंबी काढू का?” शिकवलं म्हणून माणसाला काढणारं हे कॉलेज, आणि दारावर पाटी ज्ञानमंदिराची!

अखेर साहेब आले. भूगोलाची मुलं तोडीला गेलेली, म्हणून खुर्च्यांवर कॉमर्सची मुलं बसवली. फीत कापली, सगळे ताठ मानेने आत गेले. साहेबांना दाखवायला संगणक सुरू करून ठेवले होते; एका पडद्यावर त्या मुलीचा नकाशा उघडा होता.

“हे निळं काय हाय?” साहेबांनी विचारलं.

“शोभेचं चित्र हाय, साहेब,” प्राचार्य म्हणाले.

“लई छान.”

टाळ्या पडल्या. “पाणी आहे ते! गावात शिरलेलं!” मी ओरडलो. टाळ्यांत कुणालाच ऐकू गेलं नाही.

सर आता धारूरला दहावीच्या शिकवण्या घेतात. उद्घाटनाच्या संध्याकाळी मी त्यांना फोन करून सगळा राग ओकला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “मागच्या ओढ्यातून दावलंय न्हवं?”

“हो.”

“मग पास हाय ती.”

ती त्या वेळी कुठल्यातरी फडात उसाच्या मोळ्या बांधत होती.