दत्तूकाकांचे दोन ठोकळे

तुमच्या घरात आत्ता, या क्षणी, दुसऱ्या कुणाची वस्तू पडून आहे? चटकन ‘नाही’ म्हणू नका. पलंगाखाली वाका, माळ्यावर बघा. आणि सापडलीच, तर तिच्यावाचून तिकडे कुणाचं काय अडलं असेल, हे तुम्हाला सांगता येईल का?

मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पाच आठवड्यांपूर्वी मुलुंडचे सावंत सकाळी आठच्या सुमाराला अंधेरीला आमच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा तो आपोआप समोर आला. सावंत म्हणजे माझ्या दत्तूकाकांचे शेजारी. त्यांची नोकरी अंधेरीच्या एका कारखान्यात. घाम पुसत म्हणाले, “बाळ्या, दत्तोपंत गेले रे. आज सकाळीच. शेडमध्ये, गाडीपाशी.” मी विचारलं, “गाडीखाली?” ते म्हणाले, “ते काय ठाऊक नाही बाबा. वहिनींचा आवाज ऐकला, माणसं धावली, नि मी म्हटलं तुला आधी कळवावं.” त्यांच्या पाळीची वेळ झाली होती, ते निघून गेले. मी दार लोटलं. दाराच्या मागे गोणपाटावर दोन सागवानी ठोकळे होते. फूटभर उंच, रुंद बैठकीचे, एकेक दहा-बारा शेरांचा. काकांचे. एका रविवारपुरते म्हणून आणलेले, आणि त्याला सात आठवडे होऊन गेले होते.

हे ठोकळे काय होते, ते सांगायला हवं. काका एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. मोटारमेकॅनिक नव्हते. पण लढाईच्या दिवसांत लष्करी मोटारींच्या डेपोत त्यांनी चार वर्षं काढली होती आणि तिथे हात काळे करायची गोडी लागली होती. गाडी घ्यायचं मात्र त्यांच्या मनात कधी आलं नसतं, काकू वेसाव्याहून सुकट घेऊन येत नसती तर. काकू मालवणकडची. मुलुंडच्या बाजारातली सुकट तिच्या पसंतीला उतरत नसे, म्हणून वर्षातून दोनदा ती थेट वेसाव्याच्या कोळीवाड्यात जाई. एकदा बसमध्ये लोकांनी नाकं दाबली, कंडक्टरने घंटी मारली आणि भर रस्त्यात तिला पिशवीसकट खाली उतरवलं. माझं रक्त तापलं. मी म्हटलं, “काका, यावर पत्रक काढतो. कुणाच्या अन्नाला वास येतो म्हणून माणसाला उतरवायचं?” काका हसले. “काढ की, पुढारी. तोवर मी हिच्यासाठी गाडी बघतो.” त्यांनी खरंच बघितली. एका डॉक्टरांच्या आवारात चार वर्षं गंजत पडलेली जुनी विलायती मोटार. बैल जुंपून ती घरी आणली तेव्हा अख्खी आळी हसत होती, आणि काकू पदर तोंडाला लावून म्हणाली, “हे बैल तेवढे परत देव नका. लागतील.”

मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली. माझी कल्पना होती की आता काका हत्यारं आणायला सुटतील. त्यांनी दोन महिने एकही हत्यार आणलं नाही. कागदाच्या पट्ट्या कापल्या, गाडीचा एकेक नट मोजला आणि पट्टीवर माप लिहिलं. “पाना स्वस्त मिळाला म्हणून घेतला आणि त्याचा नटच गाडीत नाही, असं किती जणांचं होतं माहीत आहे? आधी नट, मग पाना.” मग शेडच्या दारावर आतून खडूने तीन रकाने आखले. जीव, काम, हौस. ‘काम’खाली पाने, पक्कड, दोन पेचकस, हातोडी, ग्रीसची पिचकारी. जॅकसुद्धा त्याच रकान्यात. ‘हौस’खाली एकच वस्तू, मखमलीच्या पेटीतला चकचकीत विलायती पान्यांचा संच. तो बघायला ते तीनदा जुन्या बाजारात गेले आणि तीनदा हात हलवत परत आले. ‘जीव’खाली वाळूची बादली, चाकांना लावायच्या पाचरी, आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, ठोकळे.

मी म्हटलं, “काका, लाकडाच्या दोन तुकड्यांना हत्यार म्हणता?” तेव्हा ते गंभीर झाले. डेपोत त्यांचा एक सोबती होता. जॅकवर ट्रक उचलून खाली विटांचे थर लावले आणि आत सरकला... पुढचं काका कधी पूर्ण सांगत नसत. एवढंच म्हणत, “जॅक उचलतो, बाळ्या. धरून ठेवत नाही. आणि वीट फुटायच्या आधी सांगत नाही.” म्हणून पहिली खरेदी उचललेली गाडी पेलणाऱ्या ठोकळ्यांची. पाडलेल्या एका घराची सागवानी तुळई त्यांनी स्वतः निवडली, गाठ नाही ना ते बोट फिरवून पाहिलं, समोर उभं राहून कापून घेतली. पाने त्यानंतर, एकेक करून, दीड वर्षभर.

आता माझी गोष्ट. अंधेरीच्या नाक्यावर आमच्या कामगार मंडळाने कारखान्यांतल्या अपघातांवर सभा ठेवली होती. बोलणारा लोकांना दिसावा म्हणून उंच फळी हवी होती, आणि फळीखाली भक्कम काहीतरी. मला शेड आठवली. पत्रक मीच लिहिलं होतं, मथळा होता ‘आधी माणूस, मग यंत्र’. काकांनी ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अरे, ही तर माझीच यादी. ने ठोकळे. भाषण पडलं तर पडलं, फळी पडणार नाही.”

सभा झाली. टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी दुसऱ्या नाक्यावर सभा ठरली, मग तिसरी. काकांचं कार्ड आलं: ‘ठोकळे मोकळे झाले की आण. फक्त मागच्या ब्रेकची जोडणी राहिली आहे, खाली शिरावं लागेल. घाई नाही.’ मी ‘घाई नाही’ एवढंच वाचलं. पंधरा दिवसांनी दुसरं कार्ड: ‘काकू विचारते, वेसाव्याला कधी. तुझ्या सभा कशा चालल्यात?’ मी उत्तर लिहिलं, येत्या रविवारी नक्की. तो रविवार आला आणि गेला. माणसाच्या जिवाची चाड नसलेल्या मालकांवर मी त्या दिवशी पाऊण तास बोललो. ज्यावर उभा होतो, ते दुसऱ्याच्या जिवासाठी घेतलेलं लाकूड होतं... ते मला दिसलं नाही. पायाखालचं दिसत नाही आपल्याला.

त्या सकाळी मी ते ठोकळे गोणीत घातले आणि निघालो. का, विचारू नका. मेलेल्या माणसाला ते कशाला हवे होते? पण मोकळ्या हातांनी जायची हिंमत नव्हती. दादरला गाडी बदलताना गोणी खांद्यावरून घसरली, एकाने विचारलं, “काय आहे रे आत, सोनं?” मी गोणी पुन्हा खांद्यावर घेतली. सारा वेळ डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. सावंतांच्या कुंपणालगत नव्या खोलीसाठी रचलेल्या विटा. काकांनी कंटाळून, काकूच्या सारख्या विचारण्याने, सात आठवडे वाट पाहून, त्यातल्याच चार उचलल्या असतील का? भांडुप गेलं. मुलुंडला उतरलो.

अंगणात माणसं होती. मी कुणाकडे न बघता शेडच्या दाराशी गेलो. गाडी चारही चाकांवर उभी होती. चाकांना पाचरी लावलेल्या. खाली फरशीवर काही नव्हतं, ना तेल, ना रक्त. कुंपणालगतच्या विटा होत्या तशाच होत्या, वर कोळ्याचं जाळंसुद्धा. काका गाडीखाली शिरलेच नव्हते. नेहमीसारखे सकाळी शेडमध्ये जाऊन खुर्चीवर बसले होते, काकू चहा घेऊन गेली तेव्हा मान छातीवर कललेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मला सुटल्यासारखं वाटलं. लपवत नाही, वाटलं. काका ओसरीवर निजवलेले, आणि मी मनात म्हणतोय, माझ्यामुळे नाही, माझ्यामुळे नाही... मग काकूने माझ्या खांद्यावरची गोणी बघितली. रडून रडून आवाज बसला होता तिचा. म्हणाली, “आणलंस? रोज सकाळी तुझी वाट बघी होते रे ते. रागान नाय. म्हणायचे, बाळ्याच्या सभा चालल्यात, येतलो तो. मी म्हटलंय, सावंतांच्या विटा घेवा. तर माझ्यावरच खेकसले.”

तेवढं ऐकलं आणि सुटल्याचं समाधान गेलं, ते आजतागायत परत आलं नाही. त्यांनी यादी मोडली नाही. ती मोडली मी. सात आठवडे! एका दिवसाचं काम होतं. ब्रेक जोडले असते, काकू वेसाव्याला जाऊन आली असती, सुकटीच्या वासाने गाडी भरली असती आणि मग काका खुर्चीवर बसून गेले असते. मी कुणाला मारलं नाही. मी एका माणसाला त्याची शेवटची हौस करू दिली नाही, एवढंच. हे ‘एवढंच’ किती मोठं असतं, ते माझ्या कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही.

आता मी दर रविवारी मुलुंडला जातो. काकांच्या डेपोतले एक जुने मित्र जोडणी शिकवतात, खाली मी शिरतो. सागवानावर गाडीचं ओझं बसताना लाकूड किंचित कुरकुरतं. काकू काकांच्या खुर्चीवर बसून तीनतीनदा विचारते, “लावलंस ना रे ठोकळे? हलवून बघ. परत बघ.” मी परत बघतो.

शेडच्या दारावर यादी अजून आहे. पहिल्या ओळीत ‘ठोकळे’, आणि त्याच्यापुढे काकांच्या अक्षरात, नंतर कधीतरी लिहिलेलं: ‘बाळ्याकडे’. मी म्हटलं, “काकू, आता पुसू का हे? आलेत ना परत.” तर म्हणाली, “नाय. गाडी वेसाव्याक पोचानदे. मगे पूस.”

घरी गाडीखाली शिरणारं कुणी असेल, तर त्याला पान्यांच्या आधी ठोकळे घ्यायला लावा. आणि कुणाच्या तरी दारावर, वहीत किंवा नुसत्या मनात, एखाद्या वस्तूपुढे तुमचं नाव लिहिलेलं असेल. त्यांनी ‘घाई नाही’ म्हटलं असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. हा कागद खाली ठेवा, उठा, आणि ती वस्तू आज देऊन या.