एकाच भावाचे दोन कॅमशाफ्ट

माझी आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन गाडी विश्रांतवाडीत साडूच्या सोसायटीच्या गेटमध्येच बंद पडली, तो रविवार मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही. मागे हॉर्न, वर गॅलऱ्यांत माणसं, आणि साडू चहाचा कप हातात घेऊन खाली आला.

"काय शेठ, धक्का स्टार्ट आहे वाटतं?"

ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने चालू होत नाही. हे मी त्याला तिथेच ओरडून सांगितलं, म्हणजे सगळ्या सोसायटीलाच सांगितलं. बायको मुकाट्याने उतरली, रिक्षा केली आणि बिबवेवाडीला घरी निघून गेली. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही आणि मी विश्रांतवाडीला गेलो नाही.

हातगाडीवर नळ-तोट्या विकत मी सुरुवात केली. आज हार्डवेअरचं दुकान आहे. ही गाडी वर्षभर घासाघीस करून पदरात पाडून घेतली, तेव्हा बायकोची मागणी एवढीच होती की एकदा खडकवासल्याला भजी खायला जाऊ. तेही राहिलं. म्हणून इंजिनचं पूर्ण काम काढलं. तिला परत शेजारी बसवायचं होतं.

नाना पेठेतला माझा इंजिनवाला माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलतो. त्याने कॅमशाफ्ट काढून माझ्यापुढे धरला. लांब लोखंडी दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. इंजिनचे व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे, ते हे उंचवटे ठरवतात.

"आधीच्या मालकाने शर्यतीचा घातलाय," तो म्हणाला. "पळवलीत तर झकास. सिग्नलला उभी केलीत की आचके देणार, ब्रेकही दगडासारखा होणार."

नव्यात दोन पर्याय होते. एक बेताचा, दुसरा शर्यतीच्या जवळ जाणारा.

"भाव?"

"दोन्हींचा एकच."

तिथे मी अडलो. त्याच पैशात जास्त माल मिळत असताना कमी घ्यायचा? हे मी जन्मात केलेलं नाही.

"मग मोठा द्या."

"चालवणार कुठे?"

"एक्स्प्रेसवेला."

"तिथे विमानातून नेणार का? आधी कात्रज चौकातून बाहेर पडावं लागतं."

"पैसे मी देतोय!"

"इंजिन मी बांधतोय! बंद पडली की लोक माझं नाव घेणार." मग जरा आवाज खाली आणून त्याने विचारलं, "शेजारी कोण बसतं तुमच्या?"

"कोणी नाही."

"मग त्या कोणी नाहीला विचारून या."

तणतणत घरी आलो. बायको स्वयंपाकघरात वांग्यांत मसाला भरत होती. "तो मला पूर्ण भावात कमी माल चिकटवतोय," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

तिने मान वर केली नाही. "आज मंडईत लहान वांगी आणि मोठी वांगी एकाच भावात होती. मी मोठी आणली का?"

"भरीत करायचं असतं तर आणली असतीस."

"भरली करायची होती. तुम्हाला त्या गाडीचं काय करायचंय, ते आधी ठरवा."

मी जेवलो. वांगी चांगली झाली होती, पण तसं म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी बेताचा कॅमशाफ्ट सांगितला. मुकाट्याने मात्र नाही. त्या उंचवट्यांवर टेकणाऱ्या नव्या टॅपेटचा संच त्याच भावात घालून घेतला, तेव्हाच उठलो. "वहिनींना नमस्कार सांगा," इंजिनवाला दात काढत म्हणाला.

इंजिन पहिल्यांदा चालू केलं, तेव्हा नवा कॅमशाफ्ट नीट बसावा म्हणून त्याने बराच वेळ रेस धरून ठेवली. मग पाय काढला. इंजिन खाली आलं आणि एका लयीत चालत राहिलं. गिअर टाकला, एसी लावला, तरी लय मोडली नाही. मला आवडायची ती उभ्या गाडीची रांगडी धडधड मात्र गेली होती. क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

रविवारी बायको बसली. पर्स मांडीवर, एक हात दाराच्या कडीवर.

"रिक्षासाठी सुटे घेतलेत," तिने सांगून ठेवलं.

सिंहगड रोडला नेहमीसारखी तुंबलेली रांग होती. लांबलचक सिग्नलला मी ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेक दगडासारखा नाही, मऊ लागला. शेजारी एक रिकामी रिक्षा येऊन थांबली. बायकोने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. गाडी शांतपणे चालू होती. हिरवा दिवा लागेपर्यंत तिचा हात कडीवरून उतरून एसीच्या बटणावर गेला होता.

खडकवासल्याला भजी खाल्ली ती त्या रिक्षाच्या सुट्यांतून. धरणाच्या वाऱ्यात कागदावरचं शेवटचं भजं माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "पुढच्या रविवारी ताईकडे जाऊ."

ताईकडे म्हणजे साडूच्या घरी. विश्रांतवाडी, म्हणजे अख्खं शहर आणि त्यातले सगळे सिग्नल.

"जाऊ," मी म्हणालो. "पण गेटमध्ये गाडी बंद करणार नाही. तो खाली येऊन चहा संपवेपर्यंत चालूच ठेवणार."

"पेट्रोल फुकट जाईल."

"जाऊ दे."