तिसऱ्या रांगेतला बाक

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. आता वॉल्टर गेला आणि टाळायला कारण उरलं नाही... फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याच्या मुलीचा, कॅरनचा फोन आला. "मॅडी अंकल, डॅड इज गॉन." मी खिडकीतून समोर पाहिलं. रात्री बर्फ पडलं होतं आणि एवढ्या उशिरापर्यंत त्याचा ड्राइव्हवे तसाच पांढरा राहिलेला मी प्रथमच पाहत होतो.

अमेरिकेत शॉमबर्गमध्ये आम्ही घर घेतलं तेव्हापासून वॉल्टर आमच्या समोर राहायचा. व्यवसायानं सुतार, वयानं माझ्याहून बराच मोठा. 'मधुकर' त्याला जमेना, म्हणून मी मॅडी झालो. आमच्या मुलांचा तो वॉल्टरकाका. थालीपिठावर मेपल सिरप ओतून खायचा आणि हिनं कपाळावर हात मारला की म्हणायचा, "सुलू, बनवता छान, पण खायचं कसं ते तुम्हा लोकांना कळत नाही."

त्याला वेड एकच, आजोबांच्या गावाचं. उत्तर जर्मनीतलं राय नावाच्या धान्याच्या शेतांमधलं लहानसं गाव, आणि गावकऱ्यांनी शेतातले दगड वाहून बांधलेलं चर्च. युद्धात तोफा ओतायला चर्चची घंटा उतरवून नेली, ती परत आलीच नाही. पुढे लोकांनी वर्गणी काढून नवी बसवली. आत प्रत्येक घराचा बाक ठरलेला, बाकाच्या टोकाला घरातल्या पुरुषांच्या नावांच्या पितळी पट्ट्या. वॉल्टरचे आजोबा जमिनीवरून थोरल्या भावाशी भांडून अमेरिकेला निघाले, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "तुझी पट्टी मी उपटून काढीन." त्यानं ती काढली की राहू दिली, हे कधी कळलंच नाही. आजोबा मरेपर्यंत तेवढंच विचारत राहिले. वॉल्टर त्या गावाचा इतिहास लिहीत होता. सगळा लिहून झाला होता, पट्टीपाशी अडला होता.

अशात कंपनीनं मला जर्मनीला पाठवलं. निघताना वॉल्टर म्हणाला, "मॅडी, पट्टी आहे का एवढं बघ. नसली तरी सांग."

रविवारी गाडी भाड्यानं घेऊन मी त्या गावाला गेलो. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चर्चला कुलूप. दारावरच्या चिठ्ठीतलं मोडक्यातोडक्या जर्मनच्या जोरावर एवढं समजलं, की किल्ली समोरच्या घरी मिळते. मी त्या घराच्या बेलपाशी जाऊन उभा राहिलो. आत पडदा हलला. ऐन जेवणाच्या वेळी अनोळखी माणसांना उठवायचं, तेही परक्या देशात... बोट पुढे जाईना. आपल्याकडे याला भीड म्हणतात आणि चांगुलपणात धरतात. मी गाडीत बसून परत आलो.

वॉल्टरला खरं तेच सांगणार होतो. पण मी टॅक्सीतून उतरलो, तर तो माझ्याच ड्राइव्हवेवर उभा. "आहे?" त्याचा तो चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून गेलं, "आहे." मग त्याचे प्रश्न संपेनात. कुठल्या रांगेत? डावीकडे, तिसऱ्या. लाकूड कसलं? काळपट. पाठ? सरळ, वर कोरलेली वेल, हात टेकतो तिथे गोल वळण... मी सांगत होतो तो बाक आमच्या गडहिंग्लजच्या वाचनालयातला, ज्यावर बसून मी शाळेत असताना मासिकं वाचायचो. फोटो? आत काढू देत नाहीत. वॉल्टरनं तोंड फिरवून डोळे पुसले. म्हणाला, "म्हणजे भावानं माफ केलं होतं त्यांना."

त्याची पुस्तिका इथे शॉमबर्गच्या लायब्ररीत आहे. शेवटच्या पानावर माझ्या नावानिशी लिहिलंय की पट्टी जागेवर आहे. ती आहे की नाही, मला ठाऊक नाही. हे आज इथे लिहून ठेवतो. पण त्याहून वाईट म्हणजे, तो स्वतः गावाला जायचा होता, ते त्यानं कॅन्सल केलं. "तू पाहिलंस ना, मग झालं." तेव्हा त्याचे गुडघे धड होते. तिकिटाऐवजी त्यानं लाकूड आणलं आणि मी सांगितला होता तसाच्या तसा बाक गॅरेजमध्ये बनवला, आजोबांच्या नावाच्या पट्टीसकट. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या पोर्चमध्ये त्या बाकावर बसायचो. तो गावाबद्दल बोलायचा, मी ऐकायचो.

शेवटी हॉस्पिटलमध्ये मी ठरवूनच गेलो. "वॉल्टर, त्या चर्चबद्दल..." एवढं म्हणालो. तो हसला. "डावीकडे, तिसरी रांग," म्हणाला आणि माझा हात थोपटला. मी पुढे बोललो नाही.

गेल्या आठवड्यात कॅरनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे डॅडला सांगायला हवं होतंत." ऑक्टोबरमध्ये ती त्या गावाला जाणार आहे. "उपयोगाचं काही सांगू शकाल?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "किल्ली समोरच्या घरी मिळते." तेवढंच मला खरं ठाऊक होतं.

बाक तिनं आधीच आमच्याकडे पोचवला होता, आणि आता परत न्यायला ती तयार नाही. तो आमच्या डेकवर आहे. सुलू त्यावर बसून भाजी निवडते. मला बसवत नव्हतं. काल बसलो, माझ्या नेहमीच्या उजव्या टोकाला, पट्टीच्या बाजूची त्याची जागा सोडून. हॉस्पिटलमध्ये अर्धं राहिलेलं वाक्य तोंडात घोळवत होतो.

वॉल्टर, त्या चर्चबद्दल... मी आत गेलोच नव्हतो. मला माफ कर.