दोन पेले दूध

आमच्या मयतरावांचा जन्म निर्वासितांच्या छावणीतला. हे नाव त्यांना सिनेमावाल्यांनी ठेवलं, कारण पडद्यावर प्रेत व्हावं तर त्यांनीच. नायक ज्या बापाच्या छातीवर पडून हंबरडा फोडतो, तो बाप हेच. पंचवीस वर्षांत त्यांची पापणी एकदाही हलली नाही. हलली असती तर एखादा संवाद तरी वाट्याला आला असता.

या कलेचं श्रेय ते छावणीला देत. तिथे दूध फक्त आजारी मुलांना मिळे. म्हणून नर्स तंबूच्या दाराशी आली की आई त्यांना आणि धाकट्या बहिणीला निपचित पडायला लावी.

"मला हसू फुटायचं," ते रंगवून सांगत. "छोटी मात्र अस्सल नटी. एकदा नाकावर माशी बसली, तरी हलली नाही. पुढे बिचारी तापाने गेली."

उतारवयात त्यांनी स्वतःचा सिनेमा काढला आणि हाच प्रसंग घेतला. चित्रीकरण चालू असताना म्हाताऱ्या आईला सेटवर खुर्चीवर बसवून विचारलं, "असंच होतं ना गं?"

आई छोटीचं काम करणाऱ्या, निपचित निजलेल्या मुलीकडे बघत राहिली.

"माशी बसली त्या दिवशी छोटी सकाळीच गेली होती," ती म्हणाली. "दुधासाठी मी तिला तशीच तुझ्याशेजारी ठेवली. दोन्ही पेले तूच प्यायलास."

मयतराव चालू कॅमेऱ्यासमोर गेले आणि त्यांनी मुलीला उठवून बसवलं.

"पुन्हा घ्यायचं?" कॅमेरामनने विचारलं.

"थांब," ते म्हणाले. "आधी तिला जरा हलू दे."