देवीने सांगितलेली जीप

"ह्या गाडीत चढायचं नाय, उतरायचं," असं म्हणत काका आधी चपला काढत आणि मग स्वतः गाडीत नाहीसे होत. बाहेरून फक्त टोपी दिसे. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत ऐंशीच्या दशकात मोटारी होत्याच किती? त्यातली काकांची म्हणजे मुंबईच्या कुणा साहेबाकडून आणलेली, दोन दारांची, पोट जमिनीला टेकवून धावणारी जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी. अशी गाडी आणि आंब्याची बाग एकाच माणसाकडे असू नये, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

कारण काकांची बाग आणि घर वर सड्यावर, कातळाच्या पठारावर. जांभ्या दगडाची ती चढण गाडीला झेपत नसे. मग गाडी खाली रस्त्याला, फणसाच्या सावलीत, आणि काकू डोक्यावर सामानाची टोपली घेऊन चढणीला. काका मागून काहीतरी हलकंसं घेऊन येत आणि दर वळणावर थांबून गाडी बघत.

त्यातच काकूंच्या भावाने नवी जीप घेतली. ती थेट अंगणात येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून काकूंनी धोशा लावला, ती खालची विका आणि अशी आणा. काकांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि चाकं लावलेलं कपाट आहे, असा निकाल दिला. घरात अबोला सुरू झाला. शेवटी आमच्याकडे होतं तेच झालं, प्रश्न कौलाला गेला. गुरवांनी देवीला गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला फुलं लावली. उजवीकडचं पडलं तर गाडी ठेवायची, डावीकडचं पडलं तर जीप. डावं पडलं.

काकूंनी समाधानाने हात जोडले. काकांचं म्हणणं, देवीने गाडी आतून पाहिलेली नाही, तिला काय कळणार? देवीला गाडीत बसवणं शक्य नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरवांना बसवलं आणि साक्षीला म्हणून मला मागच्या फटीत कोंबलं. आरे-वारेच्या किनाऱ्यापर्यंत गुरव डोळे मिटून जप करत होते. देवळाशी परत आलो तर त्यांना उतरता येईना. आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं.

कंबर धरून ते म्हणाले, "वयनी कशा बसतात हो ह्यात?"

"ती कुठे बसते? ती चालते," काका हसत म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचं हसू मावळलं.

पुन्हा गाऱ्हाणं झालं, फुलं लागली. या वेळी उजवं पडलं. काकांनी ते फूल उचलून देवीच्या पायाशी ठेवलं. मग आम्हा दोघांना म्हणाले, "डावं पडलं. कोणी विचारलं तर डावंच पडलं."

आठवड्यात गाडी गेली. न्यायला माणूस आला तेव्हा काका बागेत दगडांचा गडगा रचत बसले होते, खाली आले नाहीत. पुढे जीपमधून ऐटीत वर जाणाऱ्या काकू दिसल्या की मला ते उजवं फूल आठवे.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी काकूंकडे गेलो होतो. चहा देताना त्या म्हणाल्या, "देवीनं सांगितलन म्हणून ह्यांनी गाडी विकलनी हो. माझं कधी ऐकलनी नाय."

"हो, डावंच पडलं होतं," मी म्हणालो.