मयताला पेजेचा डबा

मेलेल्या माणसासाठी जेवण घेऊन मयताला जाणारा गृहस्थ कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत एकच होऊन गेला, आणि तो नेमका भिसेगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. लोक हार नेतात, नारळ नेतात, फार तर घरच्यांसाठी चहाचा थर्मास नेतात. आमचे फिटरकाका पेज न्यायचे. आलं-जिरं घातलेली, वर तुपाचा थेंब सोडलेली, स्टीलच्या डब्यात गच्च झाकण लावून. आणि ती घरच्यांसाठी नव्हे, जो गेला त्याच्यासाठी. "उठलाच तर भूक लागंल त्याला," एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

काका खोपोलीच्या एका कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलसुद्धा, त्यांनी फिटरच्याच नजरेने वाचलं होतं. मेलेली माणसं उठल्याच्या जेवढ्या गोष्टी त्यात आहेत तेवढ्या त्यांना पाठ. पण बाकीचे भाविक जिथे हात जोडून थांबतात, तिथून काकांची चौकशी सुरू व्हायची. याईर नावाच्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी प्रभूने हात धरून उठवली, हे चर्चमध्ये सगळ्यांना माहीत होतं. "पन पुढं काय सांगितलं? हिला कायतरी खायला द्या! का सांगितलं?" काका माझ्या ओट्यावर बसून मला विचारायचे. मी शाळामास्तर असलो तरी या विषयात ढच. मग काका स्वतःच उत्तर द्यायचे. "मोटार नुसती फिरली म्हंजे झालं काय, मास्तर? लोडवर घेऊन बघायला नको?" लाजर चार दिवसांनी कबरेतून बाहेर आला, त्याबद्दल त्यांना विशेष काही वाटत नसे. तो पुढे एका मेजवानीत पंक्तीला जेवायला बसलेला आहे, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटे. नाईन गावच्या विधवेचा मुलगा तिरडीवर उठून बसला आणि बोलू लागला, पण काय बोलला ते लिहिलेलं नाही, याची त्यांना कायम रुखरुख. "आईला पयलं काय सांगनार? भूक लागली म्हनूनच सांगनार ना रं!" लांबलेल्या प्रवचनात पेंगून एक तरुण खिडकीतून खाली पडून मेला आणि प्रवचन देणाऱ्या पौलानेच त्याला परत आणला, ही गोष्ट तर ते चर्चच्या पाळकसाहेबांना वर्षातून दोनदा आठवण म्हणून सांगायचे, आणि स्वतः खिडकीपासून लांब बसायचे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण यामागचं कारण आमच्या आळीला ठाऊक होतं. काकांची एकुलती एक रूथ बाराव्या वर्षी तापाने गेली. याईरच्या मुलीएवढीच. त्या दिवशी काकांनी स्वतःच्या हाताने पेज केली आणि डबा घेऊन तिच्या उशाशी बसून राहिले. लोक न्यायला आले तरी डबा खाली ठेवीनात. शेवटी ती पेज तशीच्या तशी मोरीत ओतावी लागली. तेव्हापासून, कुणीतरी एकदा उठावं आणि तो डबा संपवावा, एवढी एकच गोष्ट या माणसाला हवी होती. ते तोंडाने कधी बोलले नाहीत, पण काकू तांदूळ धुऊन द्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत.

या मोहिमांवर स्कूटर माझी असायची. मागे काका, मध्ये डबा, आणि माझ्या पाठीला त्याचा चटका. मयताच्या घरी मी चपला काढता काढता खांबामागे सरकायचो, कारण काका सरळ आत जाऊन प्रेताच्या उशाशी डबा ठेवत आणि मनगट हातात धरून बसत. आपल्या लोकांचा स्वभाव चांगला, म्हणून कुणी हाकलून दिलं नाही. फार तर एखादी म्हातारी पदर तोंडाला लावून हसायची. परत येताना गार पेज काका वाटेतल्या एखाद्या कुत्र्याला घालायचे.

आणि मग चौक गावाच्या पुढच्या एका खेड्यातले आप्पा गेले. काका त्यांच्या विहिरीचा पंप दुरुस्त करायचे, तेवढी ओळख. पुतण्याने सकाळीच मोबाइलवर फोटोसह श्रद्धांजली टाकली होती. आम्ही पोचलो तोवर आप्पांना ओसरीवर खाली घेतलेलं, तोंडात तुळशीचं पान, अंगणात बांबू आलेले, आणि हारांचा ढीग. डॉक्टर तेवढे यायचे होते. काकांनी मनगट धरलं आणि या वेळी ते सोडीनात. डब्याचं झाकण काढून त्यांनी आप्पांच्या नाकाशी नेलं.

"वाफ हाय!" काका ओरडले.

"ओ काका, तुमच्या पेजंची वाफ ती!" आप्पांची सून म्हणाली, आणि अशा प्रसंगी हसू नये म्हणून चार-पाच जण अंगणात गेले.

काका उठले, झाकण पिंपातल्या पाण्यात बुडवून गार केलं, सदऱ्याने कोरडं पुसलं आणि पुन्हा धरलं. झाकणावर पैशाएवढा धुरकट ठिपका उमटला. गेला. पुन्हा उमटला. तेवढ्यात डॉक्टर आले, साखर उतरली आहे म्हणाले, सुई टोचली, आणि थोड्या वेळाने आप्पांनी डोळे उघडून विचारलं, "हार कोनाला रं?"

"मारुतीला," पुतण्या म्हणाला. आणि ते सगळे हार त्याला खरोखर मारुतीला नेऊन घालावे लागले.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर काकांनी चमच्याने पेज भरवली. आप्पांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." तरी सगळा डबा संपवला. काका प्रत्येक चमच्याला त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

परतताना चौकात चहाला थांबलो. चहा निवत आला तेव्हा काका म्हणाले, "मास्तर, आज संपली." मी आणखी दोन चहा सांगितले.

काकांनी मेलेला माणूस उठवला असा बोभाटा झाला आणि पुढे त्यांची फारच पंचाईत झाली. लोक बंद पडलेले मिक्सर आणू लागले, ते त्यांनी दुरुस्त केले. एकीने मेलेली कोंबडी आणली, तिला त्यांनी रश्श्याची कृती सांगितली. पाळकसाहेबांनी चर्चमध्ये चमत्काराची साक्ष द्यायला उभं केलं, तर म्हणाले, "तो गेलाच नव्हता. आदी झाकन पुसून बघा, मग हार आना." आणि बसले. मयताला पेज न्यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही.

गेल्या वैशाखात काका झोपेतच गेले. डॉक्टर तपासून गेल्यावर मी त्यांच्याच डब्याचं झाकण गार पाण्यात बुडवलं, सदऱ्याने पुसलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. कुणी हसलं नाही. झाकण कोरडंच राहिलं. मग घरी जाऊन मी जन्मात पहिल्यांदा पेज केली, डबा भरून आणला आणि त्यांच्या उशाशी ठेवला. काकांना नेलं, दफन झालं, पाहुणे पांगले. काकूंनी सकाळपासून पाण्याला तोंड लावलेलं नव्हतं, आणि कुणी आग्रह केला की त्या नुसती मान हलवायच्या.

ऊन कलल्यावर मी पुन्हा डोकावलो. काकू रिकाम्या खाटेशी बसल्या होत्या आणि मांडीवर डबा होता. चमचा डब्याच्या तळाशी खरवडत होता.

"मीठ कमी पडलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "उद्या बघून घाला."