२६ जुलैला मरोळ ते घाटकोपर, पायी

या शहराला विसरायची घाई फार. सव्वीस जुलै म्हटलं की कारगिलचा विजय आठवतो, तो आठवावाच. पण २००५ चा तो मंगळवार? त्या पुरात माझा मित्र साळवी कंपनीतून घरी चालत निघाला आणि पोचलाच नाही. यंदा ठरवलं, त्याचा रस्ता आपण चालायचा. दोघांना सोबत येता का विचारलं. दोघांनाही काम होतं.

मुलुंडहून बसने घाटकोपर, पुढे मेट्रोने मरोळ नाका. आमच्या कंपनीच्या जागी आता काचेची इमारत आहे. त्या दुपारी तिथे मी कामगारांची गेटसभा घेतली होती. चहावाल्याला विचारलं, "इथलं जुनं गेट कुठे होतं रे?"

"कसलं गेट, काका? पार्किंग मागे आहे."

वडापाव वीस रुपये, मिरची मागून घ्या. साकीनाक्यापर्यंत फूटपाथ तुटका आहे. मिठी नदीवरचा पूल लक्षातही येत नाही. मी कठड्याशी थांबलो, तर मागून रिक्षावाला म्हणाला, "अंकल, साइड में सोचो ना." पुढे असल्फ्याचा चढ दमवतो.

साळवीच्या चाळीच्या तोंडाशी फळा आहे. त्यावर तो रोज दिनविशेष लिहायचा. आता वहिनी लिहितात. कारगिल लिहून झालं होतं.

"वहिनी, पूर का नाही?"

"घरचं दुःख फळ्यावर नको, असं हेच म्हणायचे."

"हे घरचं कसं? तुंबलेले नाले, बुजवलेली नदी, यांचा जाब..."

"भाषण नको, भाऊ. तुमच्या प्रत्येक सभेत ह्यांचं नाव असतं, ऐकलंय मी. एक ओळ सांगा, लिहिते."

तोंडाशी आलेली सगळी वाक्यं लांबलचक होती. शेवटी म्हणालो, "तो निघायला उठला होता. माझं भाषण संपेपर्यंत मी त्याला बसवून ठेवलं."

खडू फळ्याला टेकलेला तसाच राहिला.

"किती वेळ?"

"तासभर."

त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "निघा तुम्ही. भरून आलंय."

त्यांनी पुढे काय लिहिलं, ते पाहायला मी थांबलो नाही. मुलुंडला कोरडा पोचलो, कुलूप उघडलं, चहा टाकला. कुणी जाणार असेल तर सांगतो, हा रस्ता दीड तासाचा आहे. त्या दिवशी साळवी उठला, तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं.